मोझेल: पायऱ्या केलेली नदी आणि काठची सायकलवाट

सायकलवरून रमतगमत करायच्या प्रवासासाठी युरोपातील ज्या नदीकाठांची नावे घेतली जातात, त्यांत मोझेलचे नाव हमखास असते, आणि त्यामागे उतारावरचे द्राक्षमळे व लाकडी चौकटींच्या घरांची जुनी गावे यांचा जेवढा वाटा आहे, तेवढाच त्या नदीच्या संथ, रुंद आणि बहुतेक वेळा तळ्यासारख्या स्तब्ध दिसणाऱ्या पाण्याचाही आहे. हे संथपण मात्र नदीचे उपजत नाही. फ्रान्समधील व्होज पर्वतात उगम पावून, पुढे काही अंतर लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांची सीमा होऊन, कोब्लेन्झ येथे ऱ्हाइनला मिळणारी ही सुमारे ५४४ किलोमीटर लांबीची नदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उन्हाळ्यात उथळ आणि खडकाळ होत असे, हिवाळ्यात व वसंतात फुगून वाहत असे, आणि तिच्यावरची नौकावाहतूक पाण्याच्या मर्जीवर चालत असे. तिचे आजचे रूप १९५८ ते १९६४ या काळात घडवण्यात आले, आणि ते घडवताना सायकलस्वाराचा विचार कोणाच्याही मनात नव्हता.

नदीचे कालवीकरण म्हणजे नदीच्याच पात्रात ठरावीक अंतरावर बंधारे घालून तिचा अखंड उतार मोडणे आणि त्याच्या जागी सपाट पाण्याचे लांबलचक टप्पे एकापुढे एक मांडणे. धरणाप्रमाणे येथे पाणी साठवून ठेवण्याचा हेतू नसतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पाणी नदीच्या दोन काठांच्या आतच तुंबते आणि पावसाळ्यात फळ्या काढून पूर वाहू दिला जातो, साधारण तसाच प्रकार येथे अवाढव्य प्रमाणावर आणि लोखंडी यंत्रचलित दरवाजांनी केलेला असतो. बंधाऱ्यामुळे जहाजांची वाट अडते, म्हणून त्याच्या बाजूला जलपाश बांधतात, ज्याला बोलण्यात नुसते ‘लॉक’ म्हटले जाते. दोन्ही टोकांना दरवाजे असलेली ही एक लांब आयताकृती कोठी असते. खालून आलेले जहाज आत शिरले की मागचा दरवाजा मिटतो, वरच्या टप्प्यातील पाणी झडपांवाटे आत सोडले जाते, कोठीतील पातळी जहाजासह वर चढते आणि ती वरच्या टप्प्याशी जुळली की पुढचा दरवाजा उघडतो. उतरणाऱ्या जहाजासाठी हाच क्रम उलटा चालतो. या सगळ्यात पंपाची गरज पडत नाही, कारण पाणी आपल्या वजनानेच भरते आणि रिकामे होते. जर्मनीतील मोझेलवरच्या मूळ जलपाशांची लांबी सुमारे १७० मीटर आणि रुंदी १२ मीटर आहे, तेव्हा सात-साडेसात मीटरांची चढउतार करताना एका खेपेला दीड कोटी लिटरांच्या आसपास पाणी वरून खाली जाते.

ट्रिअरपासून कोब्लेन्झपर्यंत असे दहा बंधारे आहेत. त्यांच्याकडून होणारी पाण्याची उतरण सर्वांत कमी कोब्लेन्झला ५.३ मीटर, सर्वांत जास्त डेत्सेमला ९ मीटर, आणि एकूण सुमारे ७० मीटर आहे. लक्झेंबर्गच्या सीमेवर आणखी दोन आणि फ्रान्समध्ये सोळा धरून ही संख्या अठ्ठावीस होते. म्हणजे नकाशावर एकच निळी रेघ दिसत असली, तरी प्रत्यक्षात ती लांबट तळ्यांची साखळी आहे.

या कामामागचे कारण लोखंड आणि कोळसा हे होते. फ्रान्सच्या लोरेन प्रांतात लोहखनिज मुबलक, पण निकृष्ट प्रतीचे. ते वितळवण्यासाठी लागणारा उत्तम कोळसा जर्मनीच्या रूर खोऱ्यात. आणि दोहोंच्या मध्ये मोझेल व ऱ्हाइन. दीड हजार टनांची जहाजे थेट लोरेनपर्यंत आणता आली, तर फ्रेंच पोलाद स्वस्त होईल, हा हिशेब सरळ होता. पण त्यात आपला तोटा आहे हे रूरच्या कारखानदारांना आणि मालवाहतूक हातची जाईल हे जर्मन रेल्वेला तितकेच स्पष्ट दिसत होते, त्यामुळे पश्चिम जर्मनीत या योजनेला बराच विरोध झाला. कोंडी फुटली ती राजकीय देवघेवीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या छत्राखाली गेलेला सार प्रदेश जर्मनीला परत देण्याचा करार आणि मोझेलच्या कालवीकरणाचा करार हे दोन्ही २७ ऑक्टोबर १९५६ या एकाच दिवशी लक्झेंबर्ग येथे झाले. सारच्या मोबदल्यात फ्रान्सने जे मागून घेतले, त्यात ही नदी होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. २६ मे १९६४ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल, पश्चिम जर्मनीचे अध्यक्ष ल्युब्के आणि लक्झेंबर्गच्या ग्रँड डचेस शार्लोट यांच्या उपस्थितीत जलमार्गाचे उद्घाटन झाले. पुढे लोरेनमधील शेवटची लोखंडाची खाण १९९७ साली आणि रूरमधील शेवटची कोळशाची खाण २०१८ साली बंद पडली; ज्यांच्यासाठी नदी बदलली ते दोन्ही उद्योग असे ओसरले, तरी धान्य, खनिज तेल, भंगार आणि पोलाद वाहणारी जहाजे आजही चालू आहेत, आणि त्यांच्या जोडीला काठावर सायकली आल्या आहेत.

जर्मनीच्या हद्दीत ही सायकलवाट पेर्लपासून कोब्लेन्झपर्यंत सुमारे २५० किलोमीटर जाते. ती सर्वसाधारणपणे सपाट आहे, पण याचे श्रेय बंधाऱ्यांना देण्याची चूक करू नये. ट्रिअर ते कोब्लेन्झचा सत्तर मीटरांचा उतार तेथल्या जवळपास दोनशे किलोमीटरांत विभागला, तर तो किलोमीटरमागे हातभरही भरत नाही, आणि कालवीकरण झाले नसते तरी पायांना तो जाणवला नसता. बंधाऱ्यांनी दिली ती पाण्याची स्थिरता. वाटेचे तुकडे मात्र निरनिराळ्या काळांचे आहेत. कुठे ती घोड्यांनी आणि माणसांनी नावा प्रवाहाविरुद्ध ओढून न्यायच्या जुन्या काठवाटेवरून जाते, कुठे मोटाररस्त्याच्या कडेने, तर कुठे १९६० च्या दशकात बंद पडलेल्या एका छोट्या रेल्वेच्या उखडलेल्या रुळांच्या जागेवरून. ट्रिअर ते बुलाय धावणाऱ्या त्या गाडीला, वाटेत गावोगावी मिळणाऱ्या वाइनमुळे, लोक ‘पिणाऱ्यांची गाडी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत.

एका दिवसासाठी या वाटेचा एकच तुकडा निवडायचा, तर बर्नकास्टेल-कूस ते एडिगर-एलर हा सुमारे ६० किलोमीटरांचा टप्पा सर्वांत बोलका आहे. सायकलची सवय असलेला माणूस हे अंतर चार तासांत कापेल. पण सकाळी नऊला निघून संध्याकाळी सहाला पोहोचणे हाच येथला योग्य वेग होय. त्सेल्टिंगेन, एनकिर्ख आणि सांक्ट आल्डेगुंड हे तीन जलपाश या टप्प्यात लागतात आणि त्यांच्याकडून पाणी एकूण साडेवीस मीटर खाली उतरते. प्रवाहाच्या दिशेने जाण्याचा फायदा उतारापेक्षा वाऱ्यामुळे अधिक होतो, कारण या भागात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो आणि नदी एकंदरीत ईशान्येकडे चालली आहे. अर्थात ती इतकी वळते की दिवसातून दोन-चारदा हाच वारा तोंडावर येतो.

बर्नकास्टेल नदीच्या उजव्या काठावर आणि कूस डाव्या काठावर आहे. पर्यटकांची गर्दी पहिल्याच्या चौकात असते, पण थांबायचे तर दुसऱ्या काठावर थांबावे. पंधराव्या शतकातील तत्त्वज्ञ, गणिती आणि चर्चचे कार्डिनल निकोलस यांचा जन्म १४०१ साली याच कूस गावी झाला आणि त्यांनी १४५८ मध्ये येथे निराधार वृद्धांसाठी एक आश्रम स्थापला, ज्यात ख्रिस्ताच्या आयुष्याच्या वर्षांइतक्या, म्हणजे ३३ पुरुषांची सोय ठरवून दिली होती. हा आश्रम साडेपाच शतके उलटूनही वृद्धाश्रम म्हणूनच चालू आहे, त्याच्या निर्वाहाला त्याचेच द्राक्षमळे हातभार लावतात, आणि संस्थापकाने जमवलेल्या हस्तलिखितांचा ग्रंथसंग्रह तेथेच जतन केलेला आहे. निकोलस यांचा देह रोमला पुरला असला, तरी त्यांच्या इच्छेनुसार हृदय येथील प्रार्थनामंदिरात आणले गेले.

कूस सोडल्यावर वेलेनपर्यंत डाव्या काठाने जाताना समोरच्या उतारावर खडकाला चिकटलेले एक पांढरे सूर्यघड्याळ दिसते. मळ्यात राबणाऱ्यांना जेवणाची आणि सुट्टीची वेळ कळावी, म्हणून १८४२ साली एका मळेमालकाने ते उभारले, आणि आता तो सगळा उतारच त्या घड्याळाच्या नावाने ओळखला जातो. या उतारांवर रीसलिंग नावाची पांढरी द्राक्षे होतात, आणि इतक्या उत्तरेकडे ती पिकतात यामागे तीन गोष्टी आहेत. दक्षिणेकडे तोंड केलेल्या चढावर सूर्याचे किरण सरळ पडतात. जमीन पाटीच्या दगडाच्या काळसर कपच्यांची असल्यामुळे दिवसा शोषलेली उष्णता रात्री वेलींना मिळत राहते. आणि खालच्या पाण्यावरून परतणारा प्रकाश व त्याची ऊब यांची त्यात भर पडते. पाटीचा हा दगड सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरील चिखलापासून बनला. नंतर हा सारा प्रदेश हळूहळू वर उचलला जात असताना त्यावरून वाहणाऱ्या नदीने आपली नागमोडी वळणे न सोडता ती तशीच खाली खोल कापत नेली, म्हणून एरवी सपाट मैदानात शोभणारी वळणे येथे दोन-तीनशे मीटर खोल दरीत सापडतात.

त्सेल्टिंगेनचा जलपाश पाच-सहा किलोमीटरांवरच लागतो. येथे १९६० च्या दशकातील मूळ कोठीशेजारी २१० मीटर लांबीची दुसरी कोठी बांधण्यात आली असून ती २०१० पासून वापरात आहे. जहाज येताना दिसले, तर सायकल कठड्याला टेकवून ते पार होईपर्यंत थांबावे; शंभर मीटरांपेक्षा लांब जहाज दोन्ही बाजूंना केवळ हात-दीड हात जागा ठेवून त्या कोठीत शिरते आणि कोणताही गाजावाजा न होता एखाद्या दुमजली घराइतके खाली जाते, हे पाहण्यासारखे कसब आहे. बंधाऱ्याच्या एका बाजूला जहाजांसाठी जलपाश, मध्ये पूर सोडण्याचे दरवाजे आणि दुसऱ्या बाजूला वीजघर अशी मांडणी सर्वत्र साधारण सारखीच असते. होड्यांसाठी वेगळी अरुंद वाट असते आणि माशांना वर चढता यावे म्हणून पाण्याच्या छोट्या कुंडांची शिडी. या शिड्या पूर्वी फारशा उपयोगी ठरल्या नाहीत आणि ऱ्हाइनमधून वर येणाऱ्या स्थलांतरित माशांची वाट प्रदीर्घ काळ अडून राहिली, हा या सुंदर पाण्याच्या हिशेबातला खर्च आहे. कोब्लेन्झच्या बंधाऱ्यावर २०११ साली सुधारलेली शिडी आणि तिच्यातले मासे काचेतून पाहता येतील असे दालन सुरू झाल्यावर ही दुरुस्ती नदीच्या तोंडापासून वरच्या दिशेने हाती घेण्यात आली.

जलपाशांची साखळी किती नाजूक असते, हे ८ डिसेंबर २०२४ रोजी कोखेमच्या खालच्या म्युडेन येथे दिसून आले. एक मालवाहू जहाज जलपाशाच्या दरवाजावर आदळून तो निकामी झाला, आणि जवळपास ७० जहाजे वरच्या भागात अडकून पडली, कारण दुसरी कोठी तेथे नव्हती आणि नदीला दुसरी वाटही नव्हती. तात्पुरत्या उपायांनी एकेक जहाज बाहेर काढण्यात काही आठवडे गेले. नवा दरवाजा बसून वाहतूक सुरळीत होण्यास फेब्रुवारी २०२५ उजाडला. रस्त्यावरची कोंडी गल्लीबोळातून चुकवता येते. येथे ती सोय नाही.

त्सेल्टिंगेनच्या पुढे दरी ओलांडणारा महामार्गाचा पूल डोक्यावर येतो. सुमारे १.७ किलोमीटर लांब आणि नदीपासून जवळजवळ १६० मीटर उंच असलेल्या या पुलाला मळेवाल्यांनी आणि वाइनच्या जाणकारांनी अनेक वर्षे विरोध केला, पण तो २०१९ च्या नोव्हेंबरात खुला झाला. दरीच्या मोजमापाला तो शोभत नाही, हे खालून पाहणाऱ्या कोणालाही पटेल. मात्र त्याच्यावरून जाणाऱ्याला खाली नदी आहे याची धड जाणीवही होत नसावी.

दुपारच्या जेवणाला ट्राबेन-ट्रारबाख गाठावे. १९०० च्या सुमारास वाइनच्या व्यापारात या जोडगावाचे नाव बोर्दोच्या पाठोपाठ घेतले जाई, आणि त्या पैशातून ब्रुनो म्योरिंग या बर्लिनच्या वास्तुकाराने येथे वेलबुट्टीदार वळणांच्या तत्कालीन नव्या शैलीत घरे, हॉटेले आणि १८९९ सालचे पुलाचे प्रवेशद्वार उभारले. पूल १९४५ मध्ये उडवला गेला, दरवाजा राहिला. रस्त्यांखाली वाइनच्या पिंपांसाठी खोदलेली तळघरे दूरवर पसरलेली आहेत. गावामागच्या टेकडीवर फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८७ पासून वोबाँ या दुर्गतज्ज्ञाच्या आराखड्याप्रमाणे एक अफाट किल्ला बांधायला घेतला होता आणि १६९७ च्या तहानंतर तो फ्रेंचांनाच पाडावा लागला. मोझेलवर फ्रान्सचा डोळा होता ही गोष्ट १९५६ ची नव्हे, एवढे त्या ढिगाऱ्यांवरून कळते.

जेवणासाठी मोठ्या उपाहारगृहांपेक्षा ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ शोधणे बरे. दारावर डहाळ्यांची जुडी किंवा झाडू टांगून मळेवाला आपल्याच घरात किंवा अंगणात स्वतःची वाइन व साधे थंड पदार्थ विकतो, तो हा प्रकार; कायद्याने तो वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आणि चाळीस आसनांपर्यंतच चालवता येतो. पाव, चीज, कांदा-बटाट्याचे पदार्थ मिळत असल्याने मांसाहार न करणाऱ्यांचेही भागते. वाइनबाबत एक सूचना आवश्यक आहे: जर्मनीत सायकल हे वाहनच मानले जाते आणि मद्याच्या अंमलाखाली ती चालवणे गुन्हा ठरू शकते. द्राक्षाचा रस बहुतेक ठिकाणी मिळतो.

एनकिर्खच्या जलपाशानंतर गावे लहान होतात आणि घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा दिसू लागतात. बंधारे असताना पूर कसे येतात, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. हे बंधारे पुरासाठी बांधलेलेच नाहीत; पाणी वाढले की दरवाजे खाली जातात, नौकावाहतूक थांबते आणि नदी आपल्या जुन्या स्वभावाने वाहते. २१ डिसेंबर १९९३ रोजी ट्रिअरला पाण्याने ११.२८ मीटरची पातळी गाठली होती. हिवाळ्यात सायकलवाटही अधूनमधून पाण्याखाली जाते, म्हणून एप्रिलअखेर ते ऑक्टोबर हाच काळ धरावा, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरच्या द्राक्षतोडणीत मुक्काम आधीच ठरवलेला बरा.

प्युंडरिखच्या समोर रेल्वेमार्ग डोंगराच्या कुशीत ९२ कमानींच्या ७८६ मीटर लांब पुलावरून जातो आणि बोगद्यात शिरतो. गाडी काही मिनिटांत बुलायला बाहेर पडते. नदी मात्र त्सेलला मोठा वळसा घालून तेथेच परतते, आणि सायकलवाट नदीची सोबत करते. वळणाच्या चिंचोळ्या मानेवर मारीनबुर्ग हा जुना मठ आहे. वर चढून गेल्यास एकाच जागेवरून दोन्ही बाजूंना तीच नदी विरुद्ध दिशांनी वाहताना दिसते. त्सेल हे काळ्या मांजराच्या चित्राने विकल्या जाणाऱ्या वाइनचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. गाव रम्य असले, तरी मांजराचा अतिरेक झालेला आहे. बुलायचा १८७८ मधील पूल दुमजली असून वरून रेल्वे आणि खालून रस्ता जातो. जर्मनीतील या प्रकारचा तो पहिला मानला जातो.

तिसरा जलपाश, सांक्ट आल्डेगुंड, मागे टाकला की ब्रेमच्या वळणावर कालमोन्टचा उतार उभा राहतो. युरोपातील सर्वांत उभ्या चढाचे द्राक्षमळे म्हणून तो ओळखला जातो, आणि ६५ अंशांपर्यंत चढणाऱ्या त्या कड्यावर यंत्र चालत नसल्याने छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळे हातानेच करावे लागते. माणसे आणि टोपल्या वर नेण्यासाठी दातेरी एकरुळी गाड्या बसवल्या आहेत. अशा जागी मजुरी खालच्या सपाट मळ्यांच्या कितीतरी पट पडते, म्हणून मधले बरेच टप्पे पडीक होऊन त्यांवर झुडपे माजली होती आणि त्यांतील काही गेल्या काही दशकांत पुन्हा लागवडीखाली आले. समोरच्या काठावर श्टुबेन मठाची छप्पर नसलेली भिंत मळ्यांमध्ये उभी आहे.

एडिगर-एलरच्या स्थानकावरून स्थानिक गाड्या मिळतात आणि त्यांत सायकल नेता येते. बर्नकास्टेलकडे परतायचे असल्यास हंगामात सायकलींसाठी खास ट्रॉली जोडलेल्या बसगाड्या ट्रिअर आणि बुलाय यांच्या दरम्यान धावतात, मात्र जागा आधी राखून ठेवावी. कोखेमकडे जाणारी गाडी एलरहून सुटताच १८७९ साली खुल्या झालेल्या ४.२ किलोमीटरांच्या बोगद्यात शिरते. नदीला तेच कोखेम गाठायला वीस किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो, त्यात बाइलश्टाइनची होडी आणि फान्केलचा चौथा जलपाश येतो, आणि जूनमध्ये येथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असल्यामुळे ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांना गाडी सोडून देण्यास हरकत नाही.